सूचनांपुरतं हिब्रू

मोज्यांच्या कंपनीतून आलेल्या मॅनेजरबाईंनी टेबलावर मोजे मांडले. पुरुषांचे, बायकांचे, लहान मुलांचे, आणि शेवटी घडी घातलेला एक पांढरा बनियन. पेताह तिक्वाच्या आमच्या ऑफिसात एसी इतका गार असायचा की भर ऑगस्टात मी स्वेटर घालून बसत असे. त्यामुळे माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की यातली एक जोडी सरळ पायात चढवावी. मग नीट पाहिलं आणि कळलं की हे मोजे माझ्या ओळखीचे आहेत. घोट्याजवळ दोन निळ्या रेघा. आम्ही इस्राएलात आलो त्या पहिल्या हिवाळ्यात माझ्या मामाने पिशवी भरून हेच मोजे आणून दिले होते. मामा ते बनवणाऱ्या कारखान्यात विणकामाच्या मशिनांवर होता, दक्षिणेला वाळवंटातल्या ओफाकिम गावात, आणि त्याला तिथे तीस वर्षं होत आली होती.

"माझे मामा तुमच्याकडेच आहेत," मी बाईंना म्हटलं. मला अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू.

बाई हसल्या. "म्हणजे तू घरचीच आहेस," त्या म्हणाल्या.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. ज्याला त्याला वेबसाइट हवी होती आणि ती कशासाठी हे विचारायची पद्धत नव्हती. आमचा स्टुडिओ म्हणजे मालक, मी आणि दोन कॉम्प्युटर. मालक हिवाळ्यातही सँडल घालून हिंडणारा, मनाने वाईट नाही, पण गिऱ्हाइकाच्या पुढे पाठीचा कणा घरी ठेवून येणारा. मी मुंबईला कमर्शियल आर्ट शिकलेली, ठाण्याच्या एका छापखान्यात काही वर्षं काढलेली. इथे आल्यावर हिब्रू वाचायला येण्याआधी मी हिब्रू काढायला शिकले. एकेक अक्षर मला आधी आकार म्हणून भेटलं आणि अर्थ मागाहून आला. धंद्यात त्याचा मला फायदाच झाला.

कंपनीचं जुनं चिन्ह म्हणजे एक रीळ आणि त्याला टेकून उभी असलेली जाडजूड निळी हिब्रू अक्षरं. कारखान्याच्या पाण्याच्या टाकीवर ती रंगवलेली होती आणि लांबच्या रस्त्यावरून दिसायची. बाईंना ती नको होती. कंपनीचं नावही बदललं होतं. नव्या नावाला कुठल्याच भाषेत काही अर्थ नव्हता, आणि म्हणूनच ते सगळ्यांना पसंत पडलं होतं. त्या नावासाठी आम्ही लॅटिन अक्षरं शोधू लागलो. शोधू लागलो म्हणजे काय, तर भिंतीवर कागद चिकटवायचे आणि त्यांच्यासमोर उभं राहून बोलायचं. आमच्या धंद्यातली माणसं फॉण्टविषयी जे बोलतात ते ऐकलं तर कुणीही हात जोडेल. हा प्रामाणिक आहे. हा जरा गर्विष्ठ वाटतो. हा तरुण आहे पण उथळ नाही, जणू मुलगी दाखवायचा कार्यक्रम चालला आहे. मालकाला एक बारीक, करड्या रंगातलं वळण फार आवडलं, सगळी छोटी अक्षरं, एकही कॅपिटल नाही. "हे श्वास घेतं," तो म्हणाला. मोज्याने श्वास घ्यावा हे मला पटतं, अक्षराने नाही घेतला तरी चालतं. पण वळण खरंच सुंदर होतं आणि ते मीच शोधून आणलं होतं, तेव्हा गप्प बसले.

वेबसाइटवर हिब्रू नको, हे बाईंनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. त्याचं मला काही वाटलं नाही. त्या काळी वेबसाइटवर हिब्रू घालणं ही शिक्षाच होती. उजवीकडून डावीकडे वाचणारी माणसं जगात आहेत हे ब्राउझरला जेमतेम ठाऊक होतं, म्हणून आम्ही एकेक ओळ उलटी टाइप करायचो, शेवटचं अक्षर आधी. कुणी खिडकी जरा अरुंद केली की ओळी मोडून सगळ्याचा काला व्हायचा. शिवाय माल युरोपात जाणारा. मग मोज्यांवरच्या कागदी पट्टीवरूनही हिब्रू गेलं, खोक्यांवरूनही गेलं, आणि दर वेळी कारण अगदी रास्त होतं.

"मग हिब्रू मुळीच नको?" मी विचारलं.

"एक फॉण्ट निवडून ठेव," बाई म्हणाल्या. "सूचनांसाठी. कारखान्यात फळ्यावर लावतात ना, कामगारांसाठी, तेवढ्यापुरतं."

या तेवढ्यापुरत्या कामावर मी सगळ्यात जास्त वेळ घातला. कुणी सांगितलं नव्हतं. मला मामा दिसत होता.

मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. इथे आला तेव्हा मुंबईचं सगळं वाचन-लेखन त्याच्या गाठीशी होतं, मराठी वर्तमानपत्र तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचत असे. हिब्रूने त्याला पुन्हा पहिलीत बसवलं. नव्याने आलेल्यांच्या भाषावर्गात काही महिने गेले, मग कारखाना लागला आणि शिक्षण तिथेच थांबलं. बोलायचा फाडफाड, पण वाचताना ओळीखाली बोट लागायचं. दालेत आणि रेश या दोन अक्षरांत फरक काय, तर एका कोपऱ्याचा. बेत आणि काफ यांच्यात एवढ्याशा शेपटीचा. स्वस्त छपाईत ते कोपरे आणि शेपट्या उरतच नाहीत, आणि पन्नाशीनंतर चष्मा लावूनही ते त्याला दिसेनात. फळ्यावरची सूचना त्याला मशिनावरचा त्याचा शेजारी वाचून दाखवायचा. मोरोक्कोहून आलेला, चांगला माणूस, पण मोठ्याने वाचणार आणि प्रत्येक वाक्यावर स्वतःचं भाष्य जोडणार. आपल्याला वाचून दाखवावं लागतं ही गोष्ट मामाला आयुष्यभर सलत राहिली. त्याने मला ती कधी सांगितली नाही, मामीने सांगितली.

म्हणून एका शुक्रवारी मी हिब्रू फॉण्टचे नमुने छापून गाडीत टाकले आणि ओफाकिमला गेले. सगळ्या कागदांवर एकच वाक्य होतं, मीच रचलेलं. सर्व कामगारांना कळवण्यात येते की सणाच्या आदल्या दिवशी बस दुपारी बारा वाजता सुटेल. मामी टेबलावर भेंडी चिरत होती, तिला बाजूला सरकवून मी कागद मांडले आणि मामाचा चष्मा काढून घेतला.

"हे काय, मुंगीचे पाय?" पहिल्या कागदाला मामा म्हणाला. दुसरा हातात घेतला. "नको गो बाय. ह्यात सगळी अक्षरं भाऊभाऊ दिसतात." असे बरेच कागद गेले. मग एक गोलसर, मोकळं वळण आलं, कोपरे ठळक, शेपट्या स्पष्ट. मामाने तो कागद हातभर लांब धरला आणि बोट न लावता आख्खं वाक्य खणखणीत वाचलं. वाचून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, "दुपारी बारा? खरंच सोडणार काय? आमचा मॅनेजर तर चारच्या आधी जाऊ देत नाय."

"मामा, हे नुसतं नमुन्याला लिहिलंय."

"मग नमुना चांगला आहे," मामा म्हणाला. "हाच घे."

मी तोच घेतला. आमच्या मालकाला तो जरा बालिश वाटला. पण फळ्यावरच्या सूचना कोण बघणार होतं, म्हणून त्याने वाद घातला नाही.

त्याच शुक्रवारी मामीने मला स्वयंपाकघरात ओढलं. गावातला एक शिवणकामाचा कारखाना आदल्या वर्षी बंद झाला होता आणि आता मामाच्या कारखान्याविषयीही लोक बोलत होते. कोपऱ्यावरच्या कुपात खोलीमच्या, म्हणजे आरोग्य विम्याच्या, दवाखान्यात देखभालीला माणूस हवा होता, नळ, दिवे, दारं, गरम पाण्याच्या टाक्या. तिथली मोठी नर्स मामीच्या ओळखीची. "नव्या वर्षाचे सण होईपर्यंत जागा ठेवते म्हणाली," मामी हळू आवाजात सांगत होती. "छप्पन्न वर्षांच्या माणसाला ह्या गावात कोण नोकरी विचारतो? एकदा विचारलीन, परत नाय विचारायची. पण हा ऐकेल तर ना. हा नवस बोलून बसलाय."

आम्हा मराठी ज्यूंत नवस बोलतात तो एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला. काम झालं की मलिदा करायचा, भिजवलेले गोड पोहे, त्यात खोबरं, वेलची, सुकामेवा, भोवती फळं, आणि सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हणायची. कारखाना टिकला तर मलिदा करीन असं मामा बोलला होता. टिकल्याचं कळणार कसं, हे काही त्याने ठरवलं नव्हतं.

ते त्याला कळलं नव्या पाटीमुळे. ऑक्टोबर उजाडायच्या आत बाईंना वेबसाइटचा पहिला भाग हवा होता, आणि पहिल्या पानावर कारखान्याचा फोटो, 'आमचं घर' अशा मथळ्याखाली. पाण्याच्या टाकीवरची जुनी अक्षरं फोटोत येऊन चालणार नव्हतं. मग टाकी पांढरी रंगवली आणि फाटकावर नवी पाटी बसवली, आमचं बारीक करडं वळण, पत्र्यात कापलेलं, मागून दिवे. मी फोटोग्राफरबरोबर गेले होते. कामगारांना धुतलेले शर्ट घालून यायला सांगितलं होतं. मामा दुसऱ्या रांगेत उभा होता, केसांना पाणी लावून, आणि फोटोग्राफर लेन्स बदलत होता तेवढ्या वेळात त्याने शेजारच्या मोरोक्कन माणसाला पाटी दाखवून मग माझ्याकडे बोट केलं. मी हात हलवला. मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं, आणि तो दिवस मी फार आनंदात घालवला.

त्यानंतर शेवटचं काम उरलं, कंपनीसाठी नियमांची पुस्तिका. कुठे कोणता फॉण्ट, किती मोठा, कोणत्या रंगात. त्यात मशिनांवर लावायच्या धोक्याच्या पाट्याही होत्या. हात घालू नका, मशिन चालू असताना झाकण उघडू नका. बाईंनी मजकूर पाठवला तो इंग्रजी आणि अरबीत. कारखान्यात बेदुइन कामगार होते, त्यामुळे अरबी पाहून मला बरंच वाटलं. इतकी वर्षं कुणी ते केलं नव्हतं. हिब्रू मजकूर मागाहून येईल असं समजून मी प्रत्येक पाटीवर जागा रिकामी सोडली आणि मामाने निवडलेल्या वळणात मापंही टाकून ठेवली.

पुढच्या मीटिंगमध्ये बाईंनी ती रिकामी जागा पाहिली. "हे काय?"

"हिब्रू. मजकूर अजून आला नाही."

"येणार नाही," त्या म्हणाल्या. "तिकडे हिब्रू कोण वाचणार?"

मी पाटीचा कागद जवळ ओढला. त्यावर 'हात घालू नका' असं अरबीत लिहिलेलं होतं, शेजारी पंजाचं चित्र. ज्या मशिनावर ही पाटी लागणार त्या मशिनासमोर हिब्रू वाचणारा एकही माणूस उभा राहणार नव्हता. बेदुइनांसाठी म्हणून ती अरबी नव्हती. मशिनंच जाणार होती, सीमेपलीकडे, जिथे मजुरी स्वस्त आहे.

बाईंनाही आपण काय बोलून गेलो ते कळलं. त्या मालकाकडे वळल्या, मालक स्वतःच्या सँडलकडे बघत होता, आणि त्याच्या बघण्यावरून मला समजलं की त्याला हे आधीपासून माहीत आहे. "अजून काही जाहीर केलेलं नाही," बाई माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या. "तुझ्यावर माझा विश्वास आहे. तू घरचीच आहेस."

मला त्या बाईंच्या तोंडावर मोजे फेकून मारावेसे वाटले. मारले नाहीत. पाट्यांवरची रिकामी जागा काढून टाकली, कारण ते माझं काम होतं, आणि घरी गेले. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, मामाला सांग, मग कंपनीला काय करायचं ते करू दे. माझंही तेच ठरलं होतं. पण अशी गोष्ट फोनवर सांगत नाहीत. मी शुक्रवारी जाणार होते, तर त्याआधीच मामीचा फोन आला. मामाने मलिदा ठरवला होता, शुक्रवारी सकाळी. "तुझ्या पाटीचा मलिदा आहे," मामी म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता. "तू तर पायजेसच."

मी सगळ्यांच्या आधी पोचले. मामा स्वयंपाकघरात विळीवर बसून नारळ खवत होता. नारळ ओफाकिमला सहज मिळत नाही, तो कुणाकडून तरी रामलेहून मागवला होता. मामी पोहे धूत होती आणि माझी मामेबहीण, त्यांची एकुलती मुलगी, ताटात खजूर लावत होती. ती इथेच जन्मलेली, बेरशेव्याला एका ऑफिसात काम करणारी. मराठी सगळी कळते पण उत्तर हिब्रूत देते. मी दार लोटून घेतलं आणि जे होतं ते सांगितलं. मशिनं जाणार आहेत. कधी ते ठाऊक नाही, पण जाणार आहेत. दवाखान्याची नोकरी आजच्या आज घे.

मामाचा हात थांबला नाही. "कोणी सांगितलं?"

"कंपनीच्या बाईंनी. माझ्यासमोर. चुकून बोलून गेल्या."

"काय बोलली? कारखाना बंद करतो असं बोलली?"

"तसं नाही बोलल्या. मशिनांवरच्या पाट्यांवर हिब्रू नको म्हणाल्या. तिकडे कोण वाचणार म्हणाल्या."

"तिकडे," मामा म्हणाला. "तिकडे म्हणजे कुठे? दुसरा कारखाना काढतील तिकडे. चांगलं आहे, धंदा वाढला." त्याने करवंटी बाजूला ठेवली आणि दुसरी वाटी घेतली. "बस इथे. तुला एक सांगतो. मुंबईला मी मिल मरताना बघितली आहे. मालकाला बंद करायचं असतं ना, तो पयला दिवे बदलायचा थांबतो. मग संडासाची कडी तुटते, ती तशीच लोंबकळते. मग फाटकावरच्या बोर्डाचं एक अक्षर पडतं आणि कोण लावत नाय. आमच्या मिलच्या बोर्डाचं पयलं अक्षर पडलं त्या दिवशी माझा बाप मला बोलला, आता दुसरीकडे बघ. मी बघितलं. जे नाय बघितले ते रस्त्यावर आले. आणि इथे? इथे नवा बोर्ड लावला, मागून दिवे. टाकीला रंग दिला. मरत्या घोड्याला कोण नवी नाल मारतो काय?"

"मामा, तो बोर्ड फोटोसाठी आहे. वेबसाइटसाठी. बाहेरच्या गिऱ्हाइकांना दाखवायला. त्यांना त्याचा खर्च म्हणजे काहीच नाही."

"फोटोसाठी बोर्ड," मामा म्हणाला आणि हसला. "तू खोटं बोलतेस असं नाय म्हणत मी. पण तू त्या ऑफिसात बसतेस. मी फाटकातून रोज आत जातो."

त्याच्या म्हणण्यात चूक कुठे आहे ते मला दिसत होतं आणि दाखवता येत नव्हतं. मुंबईच्या मालकाकडे बोर्डाला पैसे नव्हते म्हणून अक्षर पडलेलं राहिलं. या कंपनीकडे पैसे होते. कारखाना मरत असतानाही कंपनीची तब्येत उत्तम असू शकते, हे मामाने कधी पाहिलेलं नव्हतं. एकदा त्याचा जीव ज्या खुणेने वाचवला होता, त्याच खुणेवर तो पुन्हा विसंबला होता. आणि ती खूण मी स्वतःच्या हाताने, माप घेऊन, फाटकावर बसवली होती. माझ्या तोंडापेक्षा माझं काम जास्त पटण्यासारखं होतं.

मामेबहिणीने खजुराचा डबा खाली ठेवला. "अबा," ती हिब्रूत म्हणाली, "ती तिथे होती. तिने ऐकलंय. घे ती नोकरी."

"आणि एलियाहू हन्नाबीला काय सांगू?" मामा मराठीत म्हणाला. "नवस बोललो, त्याने पुरा केला, पोहे भिजले, माणसं दारात येतायत. आता म्हणू काय, थांब जरा, माझ्या भाचीला शंका आहे? फेडलेल्या नवसावर संशय घ्यायचा नसतो गो. ते मात्र मी करणार नाय."

मामी पोह्यांच्या पातेल्यात बघत उभी होती. मला राग आला, मामाचा, मामीचा, नवसाचा, आणि सगळ्यात जास्त त्या बारीक करड्या श्वास घेणाऱ्या अक्षरांचा. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते मी त्या सकाळी ओतलं. मग माणसं आली. मोरोक्कन शेजारीही आला, डोक्याला टोपी घालून. त्याला आमचा मलिदा नवीन, पण एलियाहू हन्नाबी सगळ्यांचाच. मामाने ताट मध्ये ठेवलं, प्रार्थना झाली, त्याने मुंबईच्या जुन्या चालीवर गायला सुरुवात केली आणि सगळे त्याच्या मागोमाग गायले. मी खाली मान घालून गायले. पोह्यांची मूठ माझ्या हातात आली तेव्हा मामा म्हणाला, "खा. तुझ्यामुळे आहे," आणि मी ती खाल्ली.

पुढच्या आठवड्यात मी दोनदा फोन केला. मामा फोनवर माझ्याकडे पोराबाळांची चौकशी करायचा आणि ठेवून द्यायचा. सण संपले. दवाखान्यातल्या नर्सने मामीला शेवटचं विचारलं, मामीने मामाला विचारलं, आणि ती जागा रशियाहून आलेल्या एका इंजिनियरला मिळाली. त्यालाही ती हवीच होती, त्याच्याविषयी मला वाईट बोलायचं नाही. मी इतकं सांगून टाकलं हे कंपनीला कधी कळलंच नाही, कारण माझ्यावर कुणी विश्वासच ठेवला नव्हता.

डिसेंबरात, हनुक्काच्या सणाआधी, थंडी पडायला लागली तेव्हा, एका सकाळी मामेबहिणीचा ऑफिसात फोन आला. ती रडत नव्हती, पण फार हळू बोलत होती. कारखान्याच्या फाटकावर सूचना लागली होती. मी मालकाला काहीही न सांगता गाडी काढली.

फाटकासमोर टायर जळत होते. रस्त्यावर पोरं, बायका, कामगार, एक पोलीसगाडी आणि टीव्हीवाल्यांची व्हॅन. धुरातून पाटी दिसत होती, दिवसाही दिवे चालू, एकही अक्षर पडलेलं नाही. सूचना फाटकाच्या गजांना चिकटवली होती, एकाशेजारी एक, बऱ्याच प्रती, म्हणजे गर्दी झाली तरी सगळ्यांना वाचता यावी. गोलसर, मोकळं वळण. कोपरे ठळक, शेपट्या स्पष्ट. सर्व कामगारांना कळवण्यात येते की, अशी सुरुवात होती. पुढे काय होतं ते मला लांबूनच वाचता येत होतं, तरी मी जवळ गेले. माझ्या पुस्तिकेत सांगितलं होतं तेवढाच समास सोडलेला होता.

मामा गर्दीत नव्हता. घरी होता, टेबलाशी, पुढ्यात चहा. अंगावर कामावर जायचे कपडे तसेच होते. मामी पलीकडे बसली होती आणि टीव्हीवर आवाज बंद करून तेच टायर जळताना दाखवत होते. मी आत गेले. मी सांगितलं होतं, हे तर मुळीच बोलायचं नव्हतं. मी खुर्ची ओढून बसले आणि मामीने माझ्यासाठी चहा ओतला.

"मामा," मी म्हटलं.

"वाचलं मी," मामा म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता, टेबलावर मी नमुने मांडले होते त्या जागेकडे बघत होता. "सकाळी पयली बस आमची. सगळ्यांच्या आधी पोचलो. काळोख होता, बाकीचे चष्मे चाचपत होते. तो मोरोक्कोवालापण. मला बोट लावायला लागलं नाय. आपण निवडलेलं तेच अक्षर होतं गो."

त्याने कप उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"तीस वर्षांत पयल्यांदा," मामा म्हणाला, "मी मोठ्याने वाचून दाखवलं सगळ्यांना."